विहिरीतलं झाड आणि खिशातला कागद

जगू,

शाळेत तुझी शोकसभा झाली त्याला आज अकरा दिवस झाले. मी तिसऱ्या बाकावर होतो. हेडमास्तर म्हणाले, "जगन्नाथरावांनी आपल्या मुलखात विहिरीच्या पोटात जंगल शोधून काढलं." पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी डोळे पुसले. माझ्या मनात त्या क्षणी आलं ते असं: विहीर माझी आहे.

हे लिहिताना मला लाज वाटते, पण तुझ्याबद्दल खोटं लिहून काय साधणार? सभेनंतर हेडमास्तरांनी मला थांबवून शाळेच्या वार्षिकासाठी दोन पानं मागितली. तुम्ही त्यांचे बालमित्र, म्हणाले. जन्म कधी, शिक्षण कुठं, नोकरी किती वर्षं, हे सगळं त्यांच्या दप्तरात आहे. ते पुन्हा कशाला लिहू? मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि बोलायला उशीर झाला आहे. किती, तेही मोजून सांगतो: सात वर्षं.

मी तुझा हेवा केला, जगू. मराठी तिसरीपासून. आठवतं तुला, गुरुजींनी पाटीवर हौदाचं गणित घातलं होतं, एका तोटीनं भरणारा आणि दुसरीनं गळणारा हौद. माझं उत्तर बरोबर आलं. तुझं चुकलं. पण तू हौदाचं चित्र काढून, पाणी कुठवर आलं की गळायला लागेल ते दाखवलंस, आणि गुरुजींनी तुझी पाटी वर्गभर फिरवली. माझी पाटी बरोबर उत्तरासकट माझ्या मांडीवर राहिली. पुढं चाळीस वर्षं आपल्या दोघांत हेच चालू राहिलं. मी मोजायचो आणि तू बघायचास. तू शाळेत भूगोल शिकवू लागलास, मी बंदरावरच्या कचेरीत कारकून झालो आणि रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातला पाऊस मोजून वहीत उतरवू लागलो. लोक तुला रस्त्यात थांबवून बोलत. मला थांबवून फक्त विचारत, काल किती पडला?

विहिरीचं सांगतो. वाचणाऱ्यांना ठाऊक नाही आणि तुलाही सगळं ठाऊक नव्हतं.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात घराच्या मागं विहीर खणायला घेतली. त्याआधी तुझी वहिनी खाडीकडच्या विहिरीवरून पाणी आणायची, जाऊन-येऊन नऊशे चाळीस पावलं, दिवसाला सात खेपा. वाडीतला बाबल खणायला होता. अकरा हात जांभा गेला, मग काळा कातळ लागला. सहा हात कातळाला सुरुंग लावावे लागले. त्याखाली वीतभर तांबडी, भाजल्या विटेसारखी माती, आणि तिच्याखाली काळी चिकण. त्या काळ्या मातीत बाबलला जळकं लाकूड लागलं.

तो दोर हलवून वर आला, हातपाय धुतले आणि जोत्यावर बसला.

"हय कोणाक तरी जाळलेला आसा," तो म्हणाला. "ह्या मसण. मिया आता खाली उतरुचंय नाय."

मी त्याला समजावलं की वर सहा हात अखंड कातळ आहे, त्याच्याखाली मसण कोण कसं करील? त्याला ते पटलं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही. मसणवट्यातलं पाणी देवाला कसं चालायचं, असं ती म्हणाली. वीस हातांवर येऊन विहीर अडली. आकडे सगळे माझ्याजवळ होते आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. म्हणून तुला बोलावणं धाडलं. मीच धाडलं, हे मला पुढं सारखं आठवायचं.

तू आलास, धोतर खोचलंस, दोर कमरेला बांधलास आणि उतरलास. दोन तास खाली होतास. वर आलास तो पायापासून डोक्यापर्यंत काळा, हातात मातीची एक खापरी. ती तू अशी धरली होतीस जसं बाळंतिणीनं हाती दिलेलं मूल धरावं. त्या खापरीवर एक पान होतं. पान म्हणजे पानाची काळी छाया. शिरा मोजता येत होत्या. मी मोजल्या, एका बाजूला तेरा.

बाबलला तू फक्त एवढं विचारलंस, "मसणात पानां रवतत रे कधी?" चितेत पान राहत नाही हे त्याला पटलं आणि दुसऱ्या दिवशी तो उतरला. माझ्या अर्ध्या तासाच्या हिशेबानं जे झालं नाही ते तुझ्या एका प्रश्नानं झालं. विहीर सुटली याचा आनंद होता. ती तू सोडवलीस याचा सल पण होता.

त्या संध्याकाळी तुझ्या वहिनीनं सात कप्प्यांचं घावन केलं होतं, कप्प्याकप्प्यात गूळखोबऱ्याचं चून. तू एक तुकडा आडवा कापून ताटलीत उभा केलास आणि तिला म्हणालास, "वयनी, ह्यां बगा. ह्या आपला कोकण."

मग तू सांगितलंस. फार फार पूर्वी, माणूस नावाचा प्राणी नसताना, इथं डोंगर फुटला नव्हता, जमीनच उलली होती. कोसच्या कोस लांब भेगांतून वितळलेला दगड आला आणि पसरला. तो निवला, घावनाचा एक पापुद्रा झाला. मग पुष्कळ काळ काही नाही. त्या काळात पापुद्र्यावर माती धरली, तळी साचली, जंगल उभं राहिलं, ते घावनातलं चून. मग पुन्हा दगड आला. वैभववाडीकडून घाट चढताना ज्या काळ्या पायऱ्या दिसतात ती प्रत्येक पायरी म्हणजे असा एक पूर. इकडं किनाऱ्याशी त्याची शेवटची कड आली आहे, आणि बाबलचा सुरुंग नेमका दोन पापुद्र्यांच्या मधल्या चुनात गेला. भाजकी तांबडी माती म्हणजे वरून आलेल्या दगडानं खालची जमीन तव्यासारखी तापवली, त्याची खूण.

"आनि ज्या चिऱ्यांच्या घरात तुमी बसल्यात," तू भिंतीवर हात ठेवून म्हणालास, "तो जांबो म्हंजे त्याच आगीक पावसान चढलेलो गंज."

तुझी वहिनी भिंतीकडं बघत राहिली. सोळा वर्षं ती त्या घरात राहत होती. घराची लांबी, रुंदी, चिऱ्यांची संख्या मी तिला कितीदा सांगितली होती, तिनं असं भिंतीकडं कधी पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, किती वर्षांपूर्वी? तू म्हणालास, नक्की ठाऊक नाही. मी विचारलं, एक पूर आणि दुसरा पूर यांत किती वर्षं? तेही ठाऊक नाही. मी म्हणालो, मग तुला ठाऊक काय आहे? तू हसलास आणि घावन खाल्लंस.

पण तुझ्याकडं एक उत्तर होतं, आणि ते माझ्या वर्मी लागलं. मी वहीतून पाऊस काढून तुला डिवचलं होतं, की अठरा वर्षांचा पाऊस माझ्याजवळ तारीखवार आहे, तुझ्या त्या जंगलावर किती पडला ते सांग. तू ती खापरी उजेडाकडं धरलीस. पानाच्या टोकाला बारीक, लांब शेपटी होती. तू म्हणालास, जिथं दांडगा पाऊस असतो तिथल्या बऱ्याच झाडांच्या पानांना असं टोक येतं, पाणी ओघळून जावं म्हणून.

"पानाक इचार, नान्या. पाऊस किती ता पानाक ठावक आसा. तुझ्या नळकांड्याच्या आदी ह्या नळकांडा होता."

अठरा वर्षं मी एकही सकाळ चुकवली नव्हती. तापात असताना गेलो होतो. आई गेली त्या दिवशीही मोजून मग खांदा दिला होता. आणि तू एका मेलेल्या पानाच्या टोकावरून कोट्यवधी सकाळींपूर्वीचा पाऊस वाचून दाखवलास, तोही मिशीला गूळ लागलेला असताना. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण एवढंच.

त्यानंतरचा दीड महिना आपल्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला होता, हेही इथं लिहून ठेवतो. रोज कचेरी सुटल्यावर मी उतरायचो, तू उतरायचास. तू दाखवायचास आणि मी पट्टी लावायचो. त्याच साली कचेरीत मिलिमीटरची नवी पट्टी आली होती, ती मी कोटाच्या खिशातून आणायचो. अडीच हात काळ्या मातीत बरोबर मध्यावर राखाडी रंगाची एक रेघ होती, चार बोटं जाड. ती मी आधी पाहिली. तू ती चिमटीत चोळलीस, जिभेला लावलीस आणि म्हणालास, राख. रेघेखालची पानं मोठी, शेपटीवाली. रेघेवरची थोडी, लहान, जाडसर, आणि नेच्याची पुष्कळ. मी दोन्हीकडची पानं मोजून तक्ता केला. तू तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिलास. मग माझ्या पाठीवर थाप मारलीस. ती थाप मला अजून आठवते. हेव्याला पूर्णविराम द्यायला ती पुरेशी होती. तो दिला नाही, हा माझा दोष.

त्या रेघेवरून तू जे सांगितलंस ते मी जसं समजलो तसं लिहितो. आगीचा दगड जिथं पोचतो तिथलं जळतं, ते कुणालाही कळेल. पण तो पोचण्याआधी त्याचा धूर पोचतो. धुरात राख असते, गंधक असतो. तो आभाळात चढून पसरला की सूर्य मंद होतो, थंडी पडते, पावसाची वेळ चुकते. जिथं दगडाचा थेंबही गेला नाही अशा मुलखांतलं हवामान बदलतं. पाऊस पडतो तोही आंबट.

"आंबट म्हंजे कसो? सोलकढीसारखो?" तुझ्या वहिनीनं वरून विचारलं. ती विहिरीच्या काठावर तांदूळ निवडत होती.

"वयनी, ती कढी पिवन झाडां मरतत," तू खालून ओरडलास.

आणि धूर बसला तरी तेवढ्यानं संपत नाही, असं तू म्हणायचास. आगीबरोबर जी हवा बाहेर पडते ती मागं राहते, मग उलट उकाडा वाढतो, पाऊस दगड कुजवतो, त्याची माती होते, तिच्यात पुन्हा कुणीतरी रुजतं. आधी कोण रुजतं? नेचे. म्हणून रेघेवर नेचे जास्त. हे सगळं एका विहिरीवरून ठरवू नये, एक विहीर म्हणजे एक साक्षीदार, निकाल नव्हे, असंही तू दर वेळी जोडायचास. एवढं बघून एवढं सावध राहणं! मला तुझ्या त्या सावधपणाचाही हेवा वाटायचा. सावधपणा तरी माझा असायला हवा होता.

रेघेतून एक खोड उभं वर आलेलं होतं. म्हणजे राख पडली तेव्हा ते झाड उभं होतं. त्यावरून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायचास, राख पडली आणि जंगल एका वर्षात संपलं, हे खोड त्याचं उभं मढं. मी म्हणायचो, एका वर्षात कसं संपेल, सावकाश संपलं असेल. तेव्हा माझ्याकडं काही पुरावा नव्हता, तुझ्या विरुद्ध बोलायचं म्हणून बोलत होतो.

मग पुण्याहून भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक आले. तू त्यांना पत्र लिहिलं होतंस. पत्र माझ्या विहिरीबद्दल, आणि पत्ता तुझ्या शाळेचा. मी कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. ते तुझ्याशी बोलले, मी शहाळी सोलली. खोड काढताना त्याची बाहेरची बाजू मऊ पडून गळून गेली आणि आतला गाभा तुकड्यांनी निघाला. ते तुकडे त्यांनी ओल्या गोणपाटात बांधून नेले. तक्ता पाहून त्यांनी विचारलं, ही मापं कुणाची? तू लगेच माझ्याकडं बोट केलंस. "ह्यांची. मी नुसता बघणारा." खरंच असं म्हणालास. ते माझ्याकडं बघून हसले आणि पुन्हा तुझ्याशी बोलू लागले. तुझी त्यात काही चूक नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

जाताना ते बजावून गेले आणि नंतर तूही बाबलला चारदा सांगितलंस: असं लाकूड पुन्हा मिळालं तर पाण्यात बुडवून ठेवायचं. ते युगानुयुगं ओल्यात राहिलं आहे म्हणून आहे. सुकलं की भुगा.

आता जे सांगायचं आहे ते.

प्राध्यापक गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, तू परीक्षेच्या कामासाठी कुडाळला गेला होतास तेव्हा, बाबलला विहिरीच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक खोड लागलं. राखेच्या रेघेतून तसंच उभं वर आलेलं, पण सालीसकट. त्यातला एक अखंड तुकडा तो टोपलीतून वर घेऊन आला, माझ्या मांडीएवढा जाड. मी त्याचा छेद ओल्या फडक्यानं पुसला आणि त्यात वलयं दिसली. झाड वर्षावर्षानं वाढताना पडतात तशी. मी भिंग आणलं, पट्टी आणली, ओसरीवर बसून दुपारभर मोजत राहिलो. संध्याकाळी कागदावर आकडे होते. झाड राख पडली तेव्हा उभं होतं, तर राख पडल्यानंतर त्याचं काय झालं ते त्यानं स्वतः लिहून ठेवलं होतं. आणि आकड्यांत लिहिलं होतं, जगू. तुझ्या भाषेत नाही, माझ्या.

मला वाटलं, एकदा, फक्त एकदा मी सांगीन आणि तू ऐकशील. प्राध्यापकांना मी स्वतः लिहीन. त्यांचं उत्तर माझ्या नावानं येईल, ते घेऊन मी शाळेत येईन आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर तुझ्या हातात ठेवीन. तोवर तुला कळता कामा नये.

पण तू तर रोज घरी यायचास. न्हाणीघरापासून माजघरापर्यंत फिरायचास, हंड्याचं झाकण उचलून पाणी प्यायचास. पाण्यात ठेवला तर लाकडाचा तुकडा तुला दिसणारच. म्हणून मी तो कोरड्या फडक्यात गुंडाळला, पत्र्याच्या पेटीत घातला, कुलूप लावलं आणि पेटी चुलीच्या वरच्या माळ्यावर चढवली. वाळवी लागू नये म्हणून धुराजवळ. पाण्याचं मला माहीत होतं. चारदा ऐकलं होतं. महिन्याभराचा प्रश्न आहे, एवढ्यात काय होतंय, असा मी हिशेब केला. उभ्या आयुष्यात केलेला माझा सगळ्यांत चुकीचा हिशेब.

पत्राचे चार मसुदे झाले. प्रत्येकात एखादं वाक्य तुझ्यासारखं वाटायचं आणि मी कागद फाडायचो. पाऊस आला, गेला. दिवाळीनंतर एका रविवारी पेटी खाली काढली. फडक्यात काळी पूड होती आणि नखाएवढ्या ढलप्या. बोट लावलं की त्यांचीही पूड. अख्खा अग्निप्रलय सोसून जे राहिलं होतं ते माझ्या पेटीत पाच महिने टिकलं नाही.

तुझी वहिनी दारात उभी होती. तिनं पेटी पाहिली, मला पाहिलं.

"भावजींका सांगलांत?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"सांगा मगे." एवढं बोलून ती चुलीकडं गेली. पुन्हा कधी तिनं विषय काढला नाही. पण तुला चहा देताना ती माझ्याकडं बघायची, सात वर्षं.

का सांगितलं नाही? लाकूड नव्हतं, नुसता कागद होता. पुराव्याशिवाय आकडे कोण मानील, असं मी मनाशी म्हणायचो. ते खरं नाही. तू मानले असतेस. माझ्या तोंडून आलेला आकडा तू डोळे मिटून घेतला असतास, आणि लाकूड गेल्याबद्दल एका शब्दानं बोलला नसतास. तेच मला सहन होणार नव्हतं. माझ्या चुकीपुढंही तू मोठा ठरला असतास.

भांडण मात्र मी चालू ठेवलं. पहिल्यासारखं उगाच नाही, आता ठाम. कट्ट्यावर बसलो असताना, देवगडहून आंब्याच्या पेट्या भरलेली गलबतं बघताना, कुठंही. तू म्हणायचास, एका वर्षात. मी म्हणायचो, नाही. तू विचारायचास, कशावरून? आणि मी खाडीकडं बघायचो. तू चिडायचास. आकड्याशिवाय बोलणारा नाना तुला नवीन होता.

यंदा माघात तुझी छाती भरली. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं आणि तू बोलत होतास. मी रोज संध्याकाळी यायचो. शेवटचे चार दिवस तो कागद माझ्या खिशात होता. पहिल्या दिवशी शिक्षक मंडळी बसली होती. दुसऱ्या दिवशी तुला ग्लानी होती. तिसऱ्या दिवशी कुणी नव्हतं. तुझी बहीण पेज करायला आत गेली होती. तू उशीवर सरकलास आणि म्हणालास,

"नान्या, तू सावकाश म्हनतस ता कशावरसून? आता तरी सांग."

"असंच वाटतं," मी म्हणालो.

तुला हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. खोकला थांबल्यावर तू म्हणालास, "तुका? असांच? तुका जल्मात असांच कायएक वाटूक नाय."

तू बराच वेळ माझ्याकडं बघत होतास. तुला काहीतरी आहे हे कळलं होतं. काय ते कळलं नव्हतं. तू वाट बघितलीस. पानाच्या टोकावरून पाऊस ओळखणारा माणूस तू, माझ्या खिशावरून माझा हात हलत नव्हता तो तुला दिसला नसेल? पण तू पुन्हा विचारलं नाहीस. आत पेज उकळत होती. मी तुझं पांघरूण नीट केलं आणि उठलो. चौथ्या दिवशीही आलो. कागद होता. तू ऐकण्यापलीकडं गेला होतास.

तुझा अजून हेवा वाटतो, जगू. तुला न्यायला वाडीतले झाडून सगळे पुरुष आले. बाबल आला, त्यानं विहीर खणणं सोडून सहा वर्षं झाली. स्मशानात तो माझ्या कानाशी म्हणाला, मास्तरांनी मला पान दाखवलं होतं. मला दाखवलं, असं म्हणाला. जसं काही ती विहीर, ते पान, तो दोर सगळं त्याचं आणि तुझं होतं, मी नुसता वाटेवरचा. प्रत्येकाजवळ तू असा त्याच्या एकट्याचा होतास. माझ्याजवळ माझी मापं आहेत. आणि ती तुला दिलेली नाहीत.

परवा मी प्राध्यापकांना पत्र लिहिलं. एकच मसुदा. आकडे सगळे दिले. त्याखाली लिहिलं की लाकूड आता अस्तित्वात नाही, ते पाण्यात ठेवायला सांगितलेलं असताना मी कोरड्यात ठेवलं, आणि ठेवण्याचं कारण माझ्या मित्राबद्दलची असूया, दुसरं नाही. पुराव्याअभावी त्यांनी आकडे बाजूला टाकले तर ते योग्यच होईल, असंही लिहिलं. उष्ण मुलखात एक वलय म्हणजे एकच वर्ष असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे एका पुस्तकात वाचलं, तेही जोडलं. तू जोडलं असतंस म्हणून.

आता तुझ्यासाठी. कागद समोर आहे. सात वर्षांत घडीवर फाटला आहे पण आकडे शाबूत आहेत.

दिसत होती ती वलयं चौतीस. आतून मोजत बाहेर आलो. पहिली तेवीस सारखी, प्रत्येकी तीन मिलिमीटरच्या आसपास, मिळून एकोणसत्तर. चांगला पाऊस, चांगलं ऊन. चोविसावं एकदम दीड. माझ्या समजुतीनं ती राख. पंचवीस ते बत्तीस ही आठ मिळून पाच मिलिमीटर. भिंगाशिवाय वेगळी दिसत नव्हती. सूर्य मंद, पाऊस आंबट, हे तू सांगितलेलं सगळं त्या पाच मिलिमीटरमध्ये. पण झाड मेलं नाही. तू एक वर्ष म्हणायचास, ते आठ वर्षं उभं राहिलं. म्हणजे तू चुकलास.

मीही चुकलो. आठांनंतर ते सावकाश संपायला हवं होतं. तेहतिसावं वलय दीड मिलिमीटर आहे. चौतिसावं दोन. त्यानंतर साल, आणि सालीवर तांबडी भाजकी माती.

ते सावरत होतं, जगू. आग आली तेव्हा ते सावरत होतं.

आता विचार, कशावरून.